प्रस्थानाची बॅग

१

बॅग शाबूत होती, कुलूप शाबूत होतं, कपड्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. फक्त पासपोर्ट नव्हता.

दीपमालानं ती पोपटी रंगाची छोटी ट्रॉली बॅग नाथाजीच्या काउंटरवर आदळली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. कोरेगाव स्टँडच्या रस्त्यावरचं ते बॅगांचं दुकान नुकतंच उघडलं होतं आणि नाथाजीचा पहिला चहा अजून कपात होता.

"काका, तुमचं कुलूप कुचकामी निघालं," ती म्हणाली आणि बाकड्यावर बसली. रडून झालेलं होतं. आता नुसते डोळे लाल होते.

नाथाजी मूळचा मेढ्याकडचा. वीस वर्षं मिलिटरी पोलिसात काढली, मग इथं येऊन बॅगा विकायला आणि शिवायला बसला. विकायची तऱ्हा मात्र पोलिसाचीच. कुठं जायचं, किती दिवस, जिने किती, हे सगळं विचारल्याशिवाय तो बॅगेला हात लावू द्यायचा नाही. बॅग घ्यायला गेलो की जबाब द्यायला, असं गिऱ्हाईक कुरकुरायचं आणि पुन्हा त्याच्याकडेच यायचं.

रविवारी ही पोरगी आली होती. सांगलीच्या दवाखान्यात नर्स, तिथंच क्लास लावून जर्मन शिकलेली, आता जर्मनीतल्या इस्पितळात निघालेली. बरोबर वडील, सुभेदार कोंडीबा, आणि ठरलेला नवरा राजवर्धन, सांगलीचा. नाथाजीनं तिघांना समोर बसवून धडा दिला होता. "बॅग किती मोठी ते मागनं बघू, आदी उचलणार कोण ते सांगा. ती एकटी हाय, तवा जिन्यावर जेवढी उचलंल तेवढीच घ्यायची. इमानात हातात न्यायची बॅग सात किलोच्या वर ग्येली तर दारात अडवत्यात. आन पासपोर्ट बॅगेत न्हाई, अंगावर." तिनं एक मोठी बॅग घेतली, एक ही छोटी.

"अंगावर ठिव म्हणलं हुतं," नाथाजी म्हणाला.

"आईसाठी ठेवला बॅगेत. चूक झाली." ती घड्याळाकडे बघत होती. "चारला मुंबईला निघायचंय, पहाटे विमान. व्हिसा त्याच पासपोर्टात. उद्या मी पोचले नाही, तर जागा यादीतल्या दुसरीला जाते. तक्रार देऊन नवा काढेस्तोवर सगळं संपतं."

नाथाजीनं चष्मा लावला. या बॅगेच्या चेनची दोन्ही टोकं अंगच्याच कुलपात अडकतात. पेन खुपसून चेन फाकवली, तर ती पुन्हा जुळवता येत नाही. त्यानं दातन् दात बोटानं चाचपला. एकही हललेला नव्हता.

"कुलूप फसवं न्हाई. नंबर लावून उघडलंय. पैशाचं पाकीट?"

"आहे. कानातलंही आहे."

"म्हंजे चोर न्हाई. नंबर कुणाला ठावं?"

"कुणालाच सांगितला नाही."

दुकानात तिनं नंबर लावताना नाथाजीनं रिवाजाप्रमाणं पाठ फिरवली होती, त्यामुळं त्यालाही ठाऊक नव्हता. त्यानं बॅग उलटी केली आणि तिथंच थांबला. चारही चाकांना पिवळं लागलं होतं. त्यानं नखानं खरवडून वास घेतला. हळद, ओली असताना लागलेली.

"पोरी, काल ही बॅग नेमकी कुठं हुती?"

२

आज बुधवार, अमावास्या. हरणाबाईनं, म्हणजे दीपमालाच्या आईनं, पोरगी अमावास्येला घराबाहेर पडणार म्हटल्यावर अन्नावरची वासना सोडली होती. विमान काही पंचांग बघून उडत नाही. मग जुना तोडगा काढला: प्रस्थान ठेवायचं. चांगल्या दिवशी, चांगल्या वेळेला, प्रवासाचं सामान शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. माणूस मग सोयीनं निघतो. अट एकच. ठेवलेलं प्रस्थान उंबरा ओलांडून परत घरात येता कामा नये. आलं, तर प्रवास मोडला, आणि मोडलेल्या प्रवासाला गेलेल्याचं बरं होत नाही म्हणतात.

खरा प्रवास पासपोर्टात, म्हणून पासपोर्टाचीच बॅग ठेवायची, असं हरणाबाईचं म्हणणं. मंगळवारी सकाळी साडेसातला दीपमालानं बॅग हातात उचलून शेजारच्या बनुबाईच्या खोलीत नेली. आज सकाळी सातला तिथंच उघडली.

राजवर्धन दुकानाबाहेर गाडी घेऊन थांबला होता; त्याच गाडीतून तिघं गावाकडे निघाले. वाटेत तो पेट्रोलला उतरला, तेवढ्यात दीपमाला खालच्या आवाजात म्हणाली, "काका, हा मागच्या आठवड्यात मला जाऊ नको म्हणाला होता. माझ्या मनात नको ते येतंय."

नोकरीत असताना एकदा घाईघाईनं नाथाजीनं एका पोराचं नाव घेतलं होतं. पोरगं निर्दोष निघालं, पण तोवर त्याच्या घरी कळलं होतं. तेव्हापासून नाव घ्यायच्या आधी तो जीभ दाताखाली धरायचा.

बनुबाई सत्तरीची, एकटी. तिनं आल्या आल्या हात जोडले. "दादा, मी जागची हलले न्हाई. बॅगंजवळच हुते."

"टीव्ही कुणाच्यात बघता, मावशी?"

"पलीकडं, सुनंच्यात." बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. पदर तोंडाला लावून ती खाली बसली. "तीन ते चार. त्येवढाच येळ. लेकराचं वाटोळं झालं का वं माझ्यापायी?"

"हळद तुमच्या दारात पसरली हुती का काल?"

"माझ्या दारात कशाला? माझं रान खंडानं दिलंय की."

नाथाजीनं खोलीची जमीन बघितली. स्वच्छ शहाबादी फरशी, पिवळं बोटभरसुद्धा नाही. बॅग इथं हातातून आली होती. मग चाकं पिवळी झाली ती दुसरीकडं कुठंतरी.

३

कोंडीबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शिजवलेली हळद ताडपत्रीवर पसरली होती, आणि मधून दारापर्यंत जायला वीतभर वाट. तीही पिवळीच.

"ही कवा पसरली, वहिनी?"

"काल बाराला," हरणाबाई म्हणाली. "मग दोनला मी आन दीपा देवीला आन माझ्या भनीकडं ग्येलो. पाचला आलो."

म्हणजे बाराच्या आधी चाकांना हळद लागणं शक्य नव्हतं. बॅग साडेसातलाच गेली होती. नाथाजीनं मनातल्या मनात वाक्य पुरं केलं: प्रस्थान परत आलं होतं. तो ते तोंडानं बोलला नाही. समोर आई होती.

सोप्यात मोठी बॅग उभी होती. शेजारी शेतमाल मोजायचा वजनकाटा. लाल फरशी लख्ख पुसलेली, पण उंबऱ्याला लागून पांढऱ्या ऑइलपेंटचा रुपयाएवढा एक थेंब तसाच.

"एवढी स्वच्छता, आन ह्यो डाग घासला न्हाई?"

"न्हाई," हरणाबाई म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली.

कोंडीबा खुर्चीत ताठ बसले होते. दाढी केलेली नव्हती, हे नाथाजीला खटकलं. सुभेदारानं दाढी चुकवायची म्हणजे तापच असायला हवा.

"या हवालदार. बसा. प्रस्थानबिस्थान बायकांचे खेळ, मी पहिल्यापास्नं सांगतोय. ठिवली बाहेर, ग्येला पासपोर्ट."

"कुणाचा संशय, साहेब?"

"कुणाचा घ्यायचा? जाऊ द्या आता. योग न्हाई म्हणायचं, आन गप बसायचं."

नाथाजीनं मान हलवली. बायकांच्या खेळाला हसणारा माणूस योगाची भाषा बोलत होता. ते त्यानं बाजूला ठेवून दिलं, जसं कारागीर उपयोगी पडेल म्हणून तुटलेलं बक्कल ठेवून देतो.

राजवर्धनला त्यानं गोठ्याकडं नेलं. "जाऊ नको म्हणालता?"

"म्हणालो होतो. आजही मनात तेच आहे, खोटं कशाला बोलू." त्यानं गव्हाणीला हात टेकला. "पण असं अडवून तिला ठेवली, तर जन्मभर तिच्या तोंडाकडे बघू शकेन का मी? काल तीनच्या पुढं आलो. घरात कुणी नव्हतं, मामा एकटे सोप्यात, काट्याजवळ खाली बसले होते. अंगणातूनच दोनदा हाक मारली, ऐकूच गेली नाही. घामानं भिजले होते. म्हणाले, हळद ओढून दमलो. मग मी बनुबाईंकडं दीपाला शोधायला गेलो, तर तिथंही कुणी नाही."

"तवा बॅग हुती तितं?"

राजवर्धन विचारात पडला. "नव्हती," तो हळू म्हणाला. "मला वाटलं, आत ठेवली असेल."

तेवढ्यात सोप्यातून दीपमालाची हाक आली. तिनं मोठी बॅग उघडली होती आणि हातात शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी धरून उभी होती.

"काका, ही मी छोट्या बॅगेत ठेवली होती. इथं कशी आली?"

४

नाथाजीनं काटा उंबऱ्याबाहेर ओढला आणि गाडीतली छोटी बॅग आणून त्यावर ठेवली. काटा बरोबर सातवर थांबला. चटणीची पिशवी वर ठेवल्यावर सात किलो आठशे झाले.

त्यानं दीपमालाला विहिरीच्या वाटेनं चालतं केलं. राजवर्धन मागं आला. अकरा वाजून गेले होते.

"आता मी बोलतो, तुमी नुसतं ऐका," नाथाजी म्हणाला. "पासपोर्ट ढापून पोरीला अडवायचं आसंल, तर तिच्या बॅगंच्या वजनाची कुणाला काय पडलीय? इमानाच्या दारात ती पोचणारच न्हाई. तरी कुणीतरी आठशे गिराम काढून सात किलो पुरं केलं. म्हंजे बॅग घरी आणली, तवा त्या माणसाला तू जावी असंच वाटत हुतं. कुणी अडवू ने म्हणून वजन बघाय आणली. मग काट्यापाशीच काहीतरी झालं आन मन फिरलं."

दीपमाला थांबली.

"सात किलोचं मी सांगितलं तवा दुकानात तिघं हुता. त्यातली तू काल देवीला. ऱ्हायलं दोघं. पोरी, नंबर सांगू नको. नुसतं कुणाचा ते सांग."

तिनं ओठ दाताखाली धरला. "दादाचा. त्याच्या आर्मी नंबरातले शेवटचे तीन."

विश्वजीत, तिचा थोरला भाऊ. सहा वर्षांमागं डोंगरातल्या रस्त्यावरून त्याची गाडी दरीत गेली होती. घरी नाव निघायचं नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"त्यो नंबर पाठ कुणाला?"

"आबांना." तिनं घराकडे वळून बघितलं. "पण काका, आबाच तर मला पाठवत होते. आईला समजावलं त्यांनी, बॅग त्यांनी घेऊन दिली. आबा असं कशाला करतील?"

"ते त्येंनाच विचारू. फौजी ग्येला की त्येची ट्रंक घरी येती. दादाची कुठं असती?"

"मोटारीच्या खोलीत, विहिरीवर. आईला बघवत नव्हती म्हणून आबांनी तिकडं नेऊन ठेवली."

"ज्यानं पासपोर्ट घेतला त्येनं त्यो जाळला नसंल, आन घरातबी ठिवला नसंल. ज्येच्या नंबरानं काढला त्येच्यापाशीच ठिवला आसंल," नाथाजी म्हणाला. "चल."

मोटारीच्या खोलीचं दार उघडंच होतं. कोंडीबा जवळच्या वाटेनं त्यांच्याआधी पोचले होते. काळ्या लोखंडी ट्रंकेवर, नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेल्या झाकणावर, दोन्ही हात टेकून ते बसले होते.

५

"उठत न्हाई मी," ते म्हणाले. "चार वाजून जाऊ द्या, मग उठतो."

"आबा." दीपमाला समोर जाऊन उकिडवी बसली. "का?"

त्यांनी नजर विहिरीच्या कठड्याकडे वळवली. मग बोलले ते तिच्याशी नाही, नाथाजीशी. फौजेतल्या माणसाला सांगणं सोपं गेलं असावं.

"विश्वजीत शेवटचा ग्येला तवाबी अमावास्याच. हिनं त्येची ट्रंक बनुबाईच्यात प्रस्थान ठिवली. नंबर पुसट झाला हुता. माझं टाळकं फौजी, पुसट नंबर चालतोय व्हय. ही रानात ग्येल्यावर ट्रंक परत घरात आणली, सोप्यात बसून रंगवली, वाळल्यावर नेऊन ठिवली. पोरगं हसत हुतं, म्हणलं, आबा, आई ओरडंल. मी म्हणलं, सांगतोय कोण तिला. चार महिन्यांनी नुसती ट्रंक आली."

दीपमालानं झाकणावरच्या पांढऱ्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"सहा वरसं मी बायकांच्या खेळाला मोठ्यानं हसतोय. हसलो न्हाई तर मीच मारला असं व्हतंय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आन काल परत तेच केलं बघा. सात किलोचं डोस्क्यात बसलेलं. परक्या मुलखात पोरीला कुणी दारात अडवू ने म्हणून बॅग आणली, काट्यावर ठिवली. जास्त भरली. कुलपाला विश्वजीतचाच नंबर आसणार म्हणून लावला, लागला. चटणी काढली, सात झालं. बरं वाटलं जिवाला. मग मागं वळलो आन उंबरा दिसला."

"आणि पासपोर्ट काढलात," नाथाजी म्हणाला.

"पोरगी घरात जित्ती ऱ्हावी येवढंच. नोकरी काय, दुसरी मिळंल. ती मला शिव्या घालंल, घालू दे. शिव्या घालाय तरी हाय म्हणायची."

दीपमालाचे डोळे भरून आले होते. राग होता, आणि रागाला धरायला जागा नव्हती. कोंडीबांचा हात ट्रंकेच्या कडीवर तसाच घट्ट होता. नाथाजीला कळून चुकलं, की चोर सापडला तरी पासपोर्ट सापडलेला नाही. हा हात ओढून काढता येत नसतो.

"धनी," दारातून आवाज आला. हरणाबाई होती. हातात पाण्याचा तांब्या तसाच. पाणी द्यायचं राहूनच ती मागोमाग आली होती. "मला ठावं हुतं."

कोंडीबांनी मान वर केली.

"रंगाचा थेंब पडलाय सोप्यात, उंबऱ्याच्या आत. मी त्याच सांजंला बघितला, ओलाच हुता. हाताला लागला माझ्या."

"सहा वरसं ठावं हुतं तुला?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"लय राग आला हुता. वरीसभर तुमच्या ताटात वाढताना हात कापायचा. मग बघितलं, तुमी एकलंच उचलून चाललाय. बोलले तर आणिक जड व्हईल, म्हणून गप ऱ्हायले." ती आत आली आणि तांब्या खाली ठेवला. "घासून काढायचा धीर झाला न्हाई. पोराचा हात लागला आसंल त्या रंगाला."

कोंडीबा रडायला लागले. आवाज न करता, ताठ बसूनच. हरणाबाई त्यांच्याशेजारी ट्रंकेवर टेकली. राजवर्धन बाहेर जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळानं दीपमालानं विचारलं, "आबा, पासपोर्ट काढल्यावर घरात कुठं ठेवला होता का?"

"न्हाई. तसाच खिशात घालून हितं आणला. घरात ठिवायला हात धजला न्हाई."

"म्हणजे काल दुपारी घराबाहेर पडला तो अजून बाहेरच आहे." ती आईकडे वळली. "आई, काल मंगळवार. वार चांगला होता ना? बॅग परत आली असेल. पण प्रवास पासपोर्टात असतो हे तूच म्हणालीस. तो कालपासून दादाकडं आहे. आबांनी माझं प्रस्थान दादाकडं ठेवलं."

हरणाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. शास्त्रात हे बसतं की नाही, नाथाजीला ठाऊक नव्हतं, आणि तो विचारायलाही गेला नाही.

"त्येच्याकडं आसंल," हरणाबाई सावकाश म्हणाली, "तर मोडायचं न्हाई ते."

कोंडीबा उठले. कडी काढली. विश्वजीतच्या घडी घातलेल्या गणवेशावर, अगदी मध्ये, पासपोर्ट ठेवलेला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी लेकीला दिला. "पोचलीस की रोज फोन कर," एवढंच म्हणाले.

दीपमाला घराकडे परतली नाही. तिथंच विहिरीवर तिनं आईच्या हातची भाकरी खाल्ली, आणि दोन्ही बॅगा राजवर्धननं गाडीतून जवळच्या ओढ्यावरच्या पुलापर्यंत आणल्या. नाथाजीनं खिशातून कमरेला बांधायची एक पातळ पिशवी काढून तिच्या हातात दिली. पासपोर्ट अंगावर गेला. चटणी मोठ्या बॅगेतच राहिली.

मग निरोपाचं दही घेऊन बनुबाईला आणायला राजवर्धन गाडी घेऊन गावात गेला, आणि येताना त्यानं ती पुलापलीकडं, मोठ्या रस्त्यावरच उभी केली. पुलावरून चालत जायचं होतं. कोंडीबांनी मोठी बॅग दांडीला धरून उचलली. तेवीस किलोची. दहा पावलांवर खांदा कलला.

"साहेब, चाकं हायती तिला," नाथाजी म्हणाला. "ढकला की."

"आजच्या दिस उचलतो," कोंडीबा म्हणाले.

हरणाबाईनं पुढं होऊन बॅगेची दुसरी मूठ धरली. दोघं पुलावरून तशीच चालत गेली, मध्ये बॅग, आणि पोरगी पुढं.